जपानी नक्ष्यांना खरंच अर्थ असतात का? बाळाच्या दुपट्यावर कुठली भरावी?

तुमचा प्रश्न असा: भाचीच्या बारशाला गडद निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने साशिको, म्हणजे धावदोऱ्याचं जपानी भरतकाम, करून दुपटं द्यायचंय, पण 'ही नक्षी म्हणजे धैर्य, ती म्हणजे समृद्धी' अशा याद्या वाचून शंका आली की हे अर्थ खरे, का विकणाऱ्यांनी चिकटवलेले?

आधी निवडीचं सांगतो, कारण बारसं थांबणार नाही. 'आसानोहा' भरा. षटकोनात बसवलेली सहा टोकांची चांदणी, एकीला एक लागून. नावाचा अर्थ भांगेचं पान. हो, तीच भांग, पण जपानात ती शतकानुशतकं धाग्यासाठी लावत आले. हे झाड भराभर आणि सरळसोट वाढतं, मूलही तसंच वाढावं म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची चाल पडली. यादीतला हा अर्थ खरा आहे आणि लोक तो अजून पाळतात.

बाळाच्या कपड्यांवरून आठवलं. मोठ्यांच्या किमोनोला पाठीवर मधोमध उभी शिवण असते. ही शिवण पाठीमागून येणाऱ्या वाईट गोष्टींवर नजर ठेवते, अशी जुनी समजूत. तान्ह्याचा किमोनो कापडाच्या एकाच पन्ह्यात होतो, त्यामुळे पाठीला शिवण नाही आणि राखणही नाही. म्हणून आई मानेच्या खाली रंगीत दोऱ्याचे चार टाके घालायची किंवा छोटीशी आकृती भरायची. त्याला 'सेमामोरी', म्हणजे पाठराखण म्हणतात. आपण तीट लावतो त्यातलाच प्रकार. मला विचाराल तर त्या चार टाक्यांत जेवढा अर्थ आहे तेवढा अख्ख्या नक्षीकोशात नसेल.

आता तुमच्या शंकेकडे. काही अर्थ मागाहून चिकटले, हे खरंच आहे. 'इचिमात्सु' ही बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट घ्या. ती फार जुनी, पूर्वी तिला दगडी फरसबंदीवरून नाव होतं. 1741 मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, नाकामुरा नाटकगृहात सानोगावा इचिमात्सु नावाचा काबुकीतला, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकातला, देखणा नट या चौकटीचा पायघोळ घालून रंगमंचावर आला. बायकांनी ती फॅशन उचलली आणि नक्षीला नटाचंच नाव पडलं. चौकटी न तुटता पुढे चालू राहतात म्हणून भरभराट, वंशवृद्धी वगैरे अर्थ आज सांगतात. चुकीचे नाहीत, पण लोकांनी ती अंगावर घातली ती नटाच्या प्रेमापोटी. 2020च्या तोक्यो ऑलिंपिकचं निळं बोधचिन्ह आठवतंय? आसाओ तोकोलो यांनी केलेलं. तीही इचिमात्सुच, फक्त तीन वेगवेगळ्या आकारांचे 45 चौकोन वापरलेली.

दुसरं म्हणजे, अर्थ नुसत्या आकारात नसतो, प्रसंगात असतो. याद्यांमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. मी दुभाष्याचं काम करतो. जपानी सहकाऱ्याच्या घरी कार्य निघालं की ऑफिसातली मंडळी आहेराचं पाकीट कुठलं घ्यायचं ते मला विचारतात. पाकिटावर कागदी दोऱ्यांची गाठ असते, तिला मिझुहिकी म्हणतात. बाळ झालं तर ओढली की सुटणारी, फुलपाखरासारखी गाठ, कारण ही आनंदाची गोष्ट पुन्हा घडली तर हवीच आहे. लग्नाला मात्र घट्ट, न सुटणारी गाठ, कारण ते एकदाच व्हावं. रंग दोन्हीकडे तेच लाल-पांढरे, गाठ चुकली की शुभेच्छेचा बट्ट्याबोळ. गंमत म्हणजे तीच घट्ट गाठ काळ्या-पांढऱ्या दोऱ्यांत बांधली की ते पाकीट अंत्यविधीचं होतं.

त्सुबाकीचंही तसंच. ही लाल कॅमेलिया हिवाळ्याच्या किमोनोवर मिरवतात, पण आजाऱ्याला भेटायला जाताना नेत नाहीत. तिच्या पाकळ्या एकेक गळत नाहीत, अख्खं फूल मुंडकं उडाल्यासारखं खाली पडतं.

बाकीच्या नक्ष्या थोडक्यात. 'सेइगाइहा' म्हणजे एकावर एक लाटांच्या कमानी, शांत समुद्रासारखं आयुष्य; दुपट्याला चालेल. 'शिप्पो' म्हणजे एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, नाव बौद्ध ग्रंथांतल्या सात रत्नांवरून, हीही चालेल. बाणाच्या पिसांची 'यागासुरी' नको. सुटलेला बाण परत येत नाही, तशी मुलगी सासरहून परत येऊ नये म्हणून ती लग्नात द्यायचे. बारशाला तर नकोच, आणि माझं मत विचाराल तर लग्नालाही नको.

आपल्याकडचं काही त्यात हवं असेल तर कोपऱ्यात दोन मुळे भरा, एकमेकांवर तिरके टाकलेले. हसू नका. आपला गणपती बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचला आणि तिथे त्याचा कांगितेन झाला. तोक्योच्या आसाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन नावाचं त्याचं देऊळ आहे. मूर्ती दर्शनाला खुली नसते, पण पांढरा मुळा आणि पैशाचा बटवा ही त्याची दोन चिन्हं देवळात जिकडेतिकडे दिसतात. बटवा धंद्याच्या बरकतीसाठी, मुळा निरोगीपणासाठी आणि घरातल्या सलोख्यासाठी. लोक तिथे खरोखरचे मुळे वाहतात. भाचीच्या दुपट्यावर याहून गोड खूण मला सुचत नाही.

भरताना एवढं सांभाळा. आधी लांब सरळ रेषा पूर्ण करा, मग आतल्या तिरक्या घ्या. धावदोऱ्याचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. चांदणीच्या मध्यावर सहा दोरे एकत्र येतात, तिथे टाक्यावर टाका चढवू नका, जरा जागा मोकळी सोडा, नाहीतर गाठोडं होतं. वळताना मागच्या बाजूला दोरा थोडा सैल ठेवला की कापड आकसत नाही. पण त्या सैल दोऱ्यांत बाळाची बोटं अडकतात, तेव्हा मागून मऊ मलमलचं अस्तर लावायला विसरू नका.