रात्री नाश्त्याचे पदार्थ: सगळ्यांना एकदम गरम कसं वाढायचं

रात्रीच्या जेवणाला पॅनकेक-अंडी असा नाश्त्याचा बेत केला की घरी काय होतं, याचं तुमचं वर्णन वाचताना जुनं दुखणं ओळखीचं वाटलं: पहिले पॅनकेक मुलांनी संपवले, बाकीचे रिकाम्या ताटल्या घेऊन बसले, तोवर अंडी गार, झाकून ठेवलेले पॅनकेक सादळलेले, आणि करणारी व्यक्ती सगळ्यांत शेवटी ओट्याशी उभ्यानं जेवली. वर झोपायच्या वेळी मुलांना परत भूक. अंडं कसं फोडायचं वगैरे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

माझं मत, पटलं तर घ्या. दोष पदार्थांचा नाही. सकाळी माणसं आपापल्या वेळेला येतात, तव्यावरून एकेक उतरत गेलं तरी चालतं. रात्री सगळी पंगत एकदम बसते. म्हणून रात्रीसाठी पदार्थ निवडताना तो केल्यावर किती वेळ थांबू शकतो हे आधी बघा, चवीचं नंतर.

सगळ्यांत जास्त नुकसान करतं ते झाकण. गरम पॅनकेकमधून वाफ निघत राहते. थप्पी करून झाकलं की ती वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि ते पाणी परत पॅनकेकमध्येच मुरतं. चांगला फुललेला पॅनकेक काही मिनिटांत लिबलिबीत होतो आणि मग पीठ, बेकिंग पावडर, आच अशा सगळ्यांवर संशय घेतला जातो. एका तयार मिश्रणाच्या पाकिटावर 'गरम राहण्यासाठी झाकून ठेवा' असं ठळक छापलं होतं. त्यांच्या ग्राहक सेवेला विचारलं, तर उत्तर म्हणून तीच पाककृती परत आली, सोबत नव्या स्वादाची जाहिरात. असो. उपाय साधा आहे: ओव्हन ९० ते १०० अंश सेल्सिअसवर ठेवा, ट्रेवर तारेची जाळी ठेवा आणि पॅनकेक एका थरात पसरा. थप्पी नको, झाकण नको. वीस मिनिटं आरामात थांबतात, पुढे मात्र कडा वाळायला लागतात.

पण खरं सांगायचं तर चौघांसाठी एकेक पॅनकेक परतत बसूच नका. अख्खा ट्रे भाजा. २०० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा साखर. दुसऱ्या भांड्यात ३०० मिली दूध, १ अंडं, ३० ग्रॅम वितळलेलं लोणी. ओलं-कोरडं एकत्र केलं की दहा-पंधरा वेळा ढवळून थांबा. बारीक गुठळ्या राहू द्या. गुळगुळीत होईपर्यंत फेटलं की मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं जातं आणि पॅनकेक रबरासारखा होतो. हे ३३ × २३ सेंटिमीटरच्या, कागद लावून लोणी फासलेल्या ट्रेमध्ये ओतायचं. सहा-आठ जण असतील तर सगळं दुप्पट आणि ट्रे ४६ × ३३ चा.

घोटाळा होतो तो पुढे. ओव्हन एक, आणि प्रत्येक पाककृती वेगळं तापमान मागते. त्यामुळे सगळं २२० अंशांवरच बसवा. ८०० ग्रॅम बटाट्यांच्या २ सेंटिमीटरच्या फोडी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, निथळा, दोन मिनिटं उघड्या ठेवून वाफ जाऊ द्या (ओल्या फोडी खरपूस होत नाहीत, नुसत्या शिजतात), ३ मोठे चमचे तेल लावून वरच्या कप्प्यात ठेवा. दहा मिनिटांनी पॅनकेकचं पीठ कालवा. विसाव्या मिनिटाला बटाटे उलटा आणि त्याच वेळी पॅनकेकचा ट्रे मधल्या कप्प्यात सरकवा. आणखी पंधरा मिनिटांत दोन्ही एकदम तयार. प्रत्येक ओव्हन वेगळं असतं, म्हणून पॅनकेकचा ट्रे आत ठेवल्यापासून बाराव्या मिनिटाला त्यात काडी खुपसून बघा.

अंडी शेवटी. अगदी शेवटी. पॅनमध्ये ढवळत शिजवलेलं अंडं (स्क्रॅम्बल्ड एग) थांबत नाही: गरम ठेवलं तर शिजत राहतं, पाणी सोडतं, बराच वेळ गेला तर हिरवट पडतं. आठ अंड्यांत मीठ पंधरा मिनिटं आधी घालून ठेवा, अंडी मऊ राहतात. पॅनकेक काढायला पाच मिनिटं राहिली की माणसांना टेबलावर बोलवा आणि मगच मंद-मध्यम आचेवर पसरट पॅनमध्ये अंडी टाका. तीन-चार मिनिटं पुरतात. किंचित ओलसर असतानाच उतरवा, पॅनच्या उष्णतेनं बाकीचं होतं. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर मात्र ओलसर ठेवू नका, पूर्ण शिजवा.

ओव्हन नसेल तर बेत बदला. दहा मिनिटं उकडलेली अंडी सालासकट गरम राहतात. ओट्सची लापशी थांबते, पण घट्ट होते, म्हणून वाढताना सैल करायला थोडं गरम दूध बाजूला ठेवा. फ्रेंच टोस्टही जमतो, फक्त ब्रेड शिळा हवा. ताजा ब्रेड दुधा-अंड्यात फुटतो.

भुकेबद्दल. मी आहारतज्ज्ञ नाही, मधुमेह किंवा अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांचं ऐका. पण नुसते पॅनकेक आणि गोड पाक म्हणजे मैदा आणि साखर, त्यानं पोट टिकत नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. मोठ्यांना दोन, मुलांना एक, सोबत घट्ट दही आणि एखादी परतलेली भाजी ठेवा. आधी तिखटमिठाचं, गोड पाक नंतर. पाकाची बाटली टेबलावर आधीच ठेवली तर हा क्रम कोणी पाळत नाही, तेव्हा ती स्वयंपाकघरातच राहू द्या.

नाश्ता म्हटलं की कॉफी आलीच, पण रात्री टाळा. पाच तासांनीही साधारण निम्मं कॅफिन शरीरात असतं. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

उरलेला पॅनकेक पूर्ण गार करा, चौकोनी तुकडे कापून ट्रेवर सुटे गोठवा आणि कडक झाल्यावरच पिशवीत भरा. आधीच भरले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. नंतर थेट टोस्टरमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये परत तेच झाकणाचं पाणी होतं.