पेटंट, औषधे आणि समाजवादी भूमिका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : समाजवादी पेटंटला विरोध करतात. मग ज्याने वर्षानुवर्षे खपून औषध शोधले, त्याच्या कष्टांचे काय? (सातारा)

उत्तर : विरोध मोबदल्याला नाही, मक्तेदारीला आहे. पेटंट शोधकाला पगार देत नाही. शोधक बहुतेक वेळा कंपनीचा नोकरदारच असतो. वीस वर्षे ते औषध दुसऱ्या कुणी बनवायचे नाही, एवढी मनाई सरकार कंपनीच्या वतीने बजावते. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात वैज्ञानिक श्रमाला सार्वत्रिक श्रम म्हटले आहे, कारण तो सोबतच्यांच्या आणि आधी होऊन गेलेल्यांच्या कामावर उभा असतो. शेवटची पायरी चढणाऱ्याने सगळा जिना स्वतःच्या नावावर करून घ्यावा, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

आता आकडे पाहा. बायर कंपनीचे नेक्सावार (सोराफेनिब) हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचे औषध. महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंट असलेल्या कंपनीच्या संमतीशिवाय तेच औषध बनवण्याची सरकारी परवानगी) मिळाला आणि तेवढ्याच गोळ्यांची किंमत जास्तीत जास्त ८,८८० रुपये ठरली. त्यातूनच बायरला विक्रीवर ६ टक्के, पुढे ७ टक्के रॉयल्टी द्यायची होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा परवाना कायम ठेवला. म्हणजे उत्पादनखर्च, नॅटकोचा नफा आणि बायरची रॉयल्टी, सगळे ८,८८० रुपयांत बसवायचे होते. वरचे २ लाख ७१ हजार हा मक्तेदारीचा खंड (भाडे) होता, आणि तो रुग्णाच्या घरच्यांनी दागिने मोडून भरायचा होता.

प्रश्न : संशोधनाचा खर्च मग कोण करणार? सोव्हिएत रशियात काय झाले? (नागपूर)

उत्तर : १९३१ पासून तिथे शोधकाला मुख्यतः पेटंटऐवजी प्रमाणपत्र मिळे. शोध वापरण्याचा हक्क राज्याकडे जाई आणि शोधामुळे होणाऱ्या बचतीच्या प्रमाणात शोधकाला रक्कम मिळे. घोडे अडले ते कारखान्यात. व्यवस्थापकाची परीक्षा उत्पादनाच्या ठरलेल्या लक्ष्यावर होई; नवी पद्धत आणायची तर चालू काम थांबवावे लागे, म्हणून तो टाळाटाळ करी. शोध सार्वजनिक करणे पुरत नाही, तो वापरात आणण्याची जबाबदारीही कुणावर तरी टाकावी लागते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आपल्याकडचा अनुभव जास्त उपयोगाचा आहे. पिंपरीला १९५४ मध्ये सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले. फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे, तेही अर्जापासून ७ किंवा पेटंट मिळाल्यापासून ५ वर्षे, यांतली जी मुदत आधी संपेल तेवढेच. पद्धत बदलून तेच औषध बनवायला वाट मोकळी झाली. भारतातला जेनेरिक उद्योग त्यातून वाढला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये रेणूवरचे पेटंट परत आले, पण सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी संसदेत दबाव आणला आणि कलम ३(डी) कडक झाले : माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाला, गुण वाढल्याचे दाखवल्याशिवाय, पेटंट नाही. संशोधन सरकारी पैशातून आणि निकाल सर्वांना खुला, ही आमची मूळ मागणी अजून बाकी आहे. ३(डी) हा तोवरचा बचाव.

प्रश्न : रुग्णांची संघटना पेटंटला हरकत घेऊ शकते का? (मुंबई)

उत्तर : घेऊ शकते. पेटंट कायद्याच्या कलम २५(१) प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही हरकतीचा फॉर्म ७-ए भरू शकतो. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर ६ महिने मंजुरी देता येत नाही. एवढा वेळ तुमच्या हक्काचा. पुढे मंजुरी कधीही येऊ शकते.

पहिली अडचण शोधण्याची. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर औषधाचे नाव टाकून अर्ज सहसा सापडत नाही, कारण अर्ज करताना ते नाव ठरलेलेच नसते. रासायनिक नाव, कंपनीचे नाव आणि आंतरराष्ट्रीय अर्जाचा क्रमांक यांवरून शोधा.

दुसरी चूक मुद्द्यांची. ‘औषध गरिबांना परवडत नाही’ हे इथे कारण चालत नाही. औषध आधीपासून माहीत होते, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखे होते किंवा ३(डी) मुळे त्याला पेटंट मिळू शकत नाही, हे दाखवावे लागते. पुरावा कंपनीच्या सर्वांत पहिल्या अर्जाच्या तारखेआधीचा हवा. त्यानंतरचा लेख कितीही चांगला असला तरी ‘आधीच माहीत होते’ म्हणायला उपयोगी नाही. सोबत तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र जोडा आणि सुनावणीची मागणी लेखी करा. मागितली नाही तर सुनावणी मिळेलच असे नाही. पूर्वी शुल्क नव्हते. २०२४ च्या नियमांनी ते लावले आणि हरकत दाखल करून घ्यायची की नाही हे नियंत्रक (पेटंट अर्जावर निर्णय देणारा अधिकारी) आधी ठरवू लागला, त्यामुळे पहिल्याच अर्जात सगळे पुरावे द्या.

३(डी) वर लढताना ग्लिव्हेक (नोव्हार्टिस कंपनीचे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध) खटला वाचाच. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पावडर नीट वाहते किंवा ओलावा कमी शोषते, एवढ्याने औषधाचा गुण वाढत नाही. आजारावरचा परिणाम वाढल्याचे दाखवावे लागेल. टीबीवरच्या बेडाक्विलिनच्या क्षारावरचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्यांत टीबीतून बऱ्या झालेल्या दोघी होत्या. पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

मुदत हुकली तर मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात फॉर्म ७ भरता येतो, मात्र तेव्हा आपला हितसंबंध सिद्ध करावा लागतो. सक्तीच्या परवान्याला (कलम ८४) मंजुरीपासून ३ वर्षे थांबावे लागते. तो मागणाऱ्या कंपनीने आधी मूळ कंपनीशी वाजवी अटींवर खरोखर बोलणी केलेली असावी लागतात. दसाटिनिब या कर्करोगावरच्या औषधासाठीचा अर्ज २०१३ मध्ये याच कारणाने फेटाळला गेला. त्यामुळे पत्रव्यवहाराची प्रत पहिल्या दिवसापासून जपून ठेवायला त्या कंपनीला सांगा.