‘असूनही’चे इंग्रजी करताना

या वेळची बहुतेक पत्रे एकाच गाठीभोवती फिरत आहेत. मराठीत विरोध दाखवायला आपण ‘पण’, ‘तरी’, ‘असूनही’, ‘मात्र’ वापरतो. त्यांच्या जागी इंग्रजी शब्द बसवला की पुढचे क्रियापद तरी बिघडते, नाही तर ‘ऑफ’ नको तिथे येतो.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ‘इन स्पाइट ऑफ’ बरोबर आणि ‘डिस्पाइट ऑफ’ चूक, हे पाठ आहे. तरी घाईत चूक होतेच. यामागे काही कारण आहे का?

आहे, आणि ते एकदा कळले की पाठांतराची गरज उरत नाही. ‘स्पाइट’ हे नाम आहे. आकस, द्वेष असा त्याचा अर्थ. एका नामाला दुसरे नाम जोडायचे तर मराठीत ‘चा-ची-चे’ लागतो, तसा इंग्रजीत ‘ऑफ’ लागतो. आपल्याकडे ‘विरोधकांच्या नाकावर टिच्चून’ म्हणतात. त्यातला ‘च्या’ जसा काढता येत नाही, तसाच ‘इन स्पाइट ऑफ’मधला ‘ऑफ’ काढता येत नाही.

‘डिस्पाइट’सुद्धा मुळात नामच होते. तुच्छतेने खाली पाहणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, आणि ‘स्पाइट’ हे त्याचेच आखूड रूप. पूर्वी ‘इन डिस्पाइट ऑफ’ असे पूर्ण म्हणत. पुढे आधीचा ‘इन’ आणि नंतरचा ‘ऑफ’ दोन्ही गळाले आणि ‘डिस्पाइट’ एकटाच आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे काम करू लागला. म्हणून खूण अशी ठेवा : आधी ‘इन’ असेल तर नंतर ‘ऑफ’ हवा. ‘इन’ नसेल तर ‘ऑफ’ही नको.

प्रश्न : मुलाने ‘ऑलदो ही वॉज इल, बट ही केम’ असे लिहिले. बाईंनी ‘बट’ खोडला. ‘जरी’ला ‘तरी’ लागतोच ना? मग चुकले कुठे?

तुमच्या मुलाने मराठी वाक्यरचना इमानाने इंग्रजीत नेली आहे, त्याला रागावू नका. ‘जरी–तरी’ ही जोडी आहे आणि त्यातला ‘तरी’ गाळला तर मराठी वाक्य लंगडे होते. उलट ‘जरी’ गाळला तरी चालतो : ‘आजारी होता तरी आला.’ म्हणजे मराठीत विरोधाचा भार दुसऱ्या वाक्यावर असतो. इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला एकच उभयान्वयी अव्यय पुरते. ‘ऑलदो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा.

जुन्या इंग्रजीत मात्र अशी जोडी होती. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये, ईयोबाच्या पुस्तकात, ‘दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम’ असे वाक्य आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी शाळेत ‘दो’पुढे ‘येट’ शिकल्याचे सांगितले तर ते खोटे नाही. आजच्या लेखनात ती जोडी जुनाट वाटते, इतकेच. ‘तरी’ची हौस भागवायचीच असेल तर ‘स्टिल’ घ्या : ‘ऑलदो ही वॉज इल, ही स्टिल केम.’ इथे ‘स्टिल’ वाक्ये जोडत नाही. ते क्रियाविशेषण म्हणून क्रियापदाजवळ बसते, त्यामुळे चालते.

प्रश्न : कार्यालयात ग्राहकांना पत्रे लिहितो. ‘डिस्पाइट वी सेंट द बिल ट्वाइस, द पेमेंट हॅज नॉट अराइव्हड’ असे लिहिले. वरिष्ठांनी ‘सेंडिंग’ करायला सांगितले. तेवढ्याने बरोबर होते का?

अर्धे बरोबर होते. या प्रश्नावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आलेल्या पत्रांतल्या निम्म्या चुकांचे मूळ इथे आहे.

तुमच्या मनातले मराठी वाक्य असणार : ‘दोनदा बिल पाठवूनही पैसे आले नाहीत.’ हे ‘पाठवूनही’ फार सोयीचे रूप आहे. त्यात काळ नाही, कर्ता नाही, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही आपोआप कळतात. इंग्रजीत त्याच्यासाठी दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि कोणती घ्यायची हे पुढे काय येते त्यावर ठरते. पुढे कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असे पुरे वाक्य येणार असेल तर ‘ऑलदो’, ‘दो’ किंवा ‘ईव्हन दो’. पुढे नाम किंवा ‘आयएनजी’ लावलेले धातुसाधित येणार असेल तर ‘डिस्पाइट’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ’. म्हणून ‘डिस्पाइट वी सेंट’ चूक, आणि ‘डिस्पाइट सेंडिंग’ व्याकरणात बसते.

पण वरिष्ठांच्या दुरुस्तीनंतर वाक्य झाले : ‘डिस्पाइट सेंडिंग द बिल ट्वाइस, द पेमेंट हॅज नॉट अराइव्हड.’ इंग्रजी वाचक ‘सेंडिंग’चा कर्ता शोधायला मुख्य वाक्यात जातो. तिथे त्याला ‘पेमेंट’ भेटते. म्हणजे बिल पैशांनी पाठवले! मराठीत ‘पाठवूनही’चा कर्ता ‘आम्ही’ आणि मुख्य वाक्यातला ‘पैसे’, हे दोन वेगळे असले तरी कुणाला खटकत नाही. काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत ते खटकते. म्हणून मुख्य वाक्याचा कर्ताही ‘आम्ही’ करा : ‘डिस्पाइट सेंडिंग द बिल ट्वाइस, वी हॅव नॉट रिसीव्हड द पेमेंट.’ किंवा सरळ ‘ऑलदो वी सेंट द बिल ट्वाइस’ लिहा आणि पुढचे तसेच राहू द्या.

‘पाऊस पडत असूनही आम्ही निघालो’ याचीही तीच गत. ‘डिस्पाइट रेनिंग, वी लेफ्ट’ चालणार नाही, कारण पाऊस पाडणारे आपण नव्हतो. ‘डिस्पाइट द रेन’ म्हणा, वाक्य नीट उभे राहते. ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’ची पळवाट बरोबर आहे, पण पत्रात दर परिच्छेदाला ती आली की वाचणारा थकतो. तिथे ‘ऑलदो’ पुरे.

प्रश्न : ‘ईव्हन इफ’ आणि ‘ईव्हन दो’ यांत फरक काय? मराठीत दोन्हींना ‘तरी’च आहे.

शब्द एकच, पण क्रियापद बदलते, तिकडे लक्ष द्या. ‘पाऊस पडत होता तरी सामना झाला’ : पाऊस ही घडलेली गोष्ट, म्हणून ‘ईव्हन दो’. ‘उद्या पाऊस पडला तरी सामना होईल’ : पडेल की नाही माहीत नाही, म्हणून ‘ईव्हन इफ’. दुसऱ्या वाक्यात आपण भविष्याबद्दल बोलताना ‘पडला’ म्हणतो. इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ घेते : ‘ईव्हन इफ इट रेन्स टुमॉरो’. ‘विल रेन’ नको.

प्रश्न : ‘ही डिड नथिंग बट कम्प्लेन’ वाचले आणि ‘वी हॅड नो चॉइस बट टू वेट’ही वाचले. ‘बट’नंतर ‘टू’ कधी?

फार चांगला प्रश्न. या दोन्ही वाक्यांत ‘बट’ म्हणजे ‘पण’ नव्हे. तो आपला ‘शिवाय’ किंवा ‘वाचून’ आहे : तक्रारीशिवाय त्याने काही केले नाही, थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता ‘बट’च्या आधी पाहा. तिथे ‘डू’चे कुठलेही रूप असेल तर नंतर नुसता धातू येतो. ‘चॉइस’, ‘ऑप्शन’, ‘ऑल्टरनेटिव्ह’ यांसारखे नाम असेल तर ‘टू’ लागतो.

‘हसल्यावाचून राहवत नाही’ला इंग्रजीत दोन रूपे आहेत, ‘कान्ट हेल्प लाफिंग’ आणि ‘कान्ट हेल्प बट लाफ’. दोन्ही बरोबर. ‘कान्ट हेल्प बट लाफिंग’ अशी खिचडी मात्र करू नका. आणि ‘बट फॉर युअर हेल्प’ दिसले तर ‘तुमची मदत नसती तर’ असे वाचा.

प्रश्न : ‘इट वॉज लेट, हाउएव्हर वी वेटेड’ यात स्वल्पविराम चुकला म्हणतात.

हो. ‘हाउएव्हर’ दोन वाक्ये जोडत नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या आणि नंतर स्वल्पविराम. आपल्या ‘मात्र’सारखे ते वाक्याच्या आतही बसते : ‘आम्ही मात्र थांबलो’, ‘वी, हाउएव्हर, वेटेड’. त्याला लागूनच विशेषण आले तर अर्थ ‘कितीही’ होतो : ‘हाउएव्हर लेट इट वॉज’ म्हणजे कितीही उशीर झालेला असला तरी.

प्रश्न : कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे, शिक्षण मराठीतून झाले. ‘नॉटविथस्टँडिंग’ आले की अडखळतो.

तुम्ही मराठी अधिनियम वाचले असतील तर हा शब्द तुम्हाला आधीच भेटला आहे. ‘…मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी’ ही त्याची मराठी. संविधानाच्या अनुच्छेद ३७०ची सुरुवातच, २०१९मध्ये त्याचा मजकूर बदलेपर्यंत, ‘नॉटविथस्टँडिंग एनिथिंग इन धिस कॉन्स्टिट्यूशन’ अशी होती. शब्द ‘नॉट’ आणि ‘विथस्टँडिंग’ असा फोडा : समोर आडवे उभे न राहता. ‘नॉन ऑब्स्टान्टे’ या लॅटिन शब्दांचे ते शब्दशः इंग्रजी. ‘डिस्पाइट’प्रमाणेच पुढे नाम घेते. पण त्याची एक खास सवय मराठी माणसाला जवळची वाटेल : ते आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे नामाच्या मागूनही येते, ‘द रेन नॉटविथस्टँडिंग’.

कलम वाचताना त्याच्या विरुद्धचा शब्दप्रयोग शेजारी ठेवा : ‘सब्जेक्ट टू’, म्हणजे ‘च्या अधीन राहून’. ‘सब्जेक्ट टू सेक्शन ५’ असेल तर तुमच्या हातातले कलम कलम ५ पुढे नमते. ‘नॉटविथस्टँडिंग एनिथिंग इन सेक्शन ५’ असेल तर कलम ५ तुमच्या हातातल्या कलमापुढे नमते.