वाफेतून जनुक मिळतं का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. रोज नेब्युलायझर लावते. वाफेतून जनुक देऊन हा आजार बरा होतो म्हणे. खरं का, डॉक्टर?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, ‘बरा होतो’ असं आज मी म्हणणार नाही. पण प्रयत्न खरे आहेत. फुप्फुसात घट्ट, चिकट कफ साचवणाऱ्या या जन्मजात आजारात बिघडलेलं सीएफटीआर नावाचं जनुक १९८९मध्ये सापडलं. ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळलेलं निरोगी जनुक त्यांना महिन्यातून एकदा नेब्युलायझरने दिलं. २०१५मध्ये निष्कर्ष आले. नुसती सलाइनची वाफ घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या फुप्फुसाची क्षमता सुमारे ३.७ टक्क्यांनी चांगली राहिली. फरक थोडाच, तरी मला तो फार मोलाचा वाटतो.

अडचण कुठे आहे, ते तुम्ही रोज बघता. मुलीचा सकाळचा कफ वाटी तिरकी केली तरी ओघळत नाही ना? कण त्या डिंकातच अडकतात. त्याआधी नेब्युलायझरच्या झोतातच काही फुटतात. वाफेचे थेंब पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे असले, तर बरेचसे घशातच बसतात. शिवाय श्वासनलिकेच्या पेशी झडतात, म्हणून औषध पुन्हापुन्हा द्यावं लागतं. आता जनुकाऐवजी एमआरएनए, म्हणजे जनुकातल्या सूचनेची तात्पुरती नक्कल, देऊन पाहतात. त्याला पेशीच्या केंद्रकात शिरावं लागत नाही.

कुणी पैसे घेऊन ही वाफ देतो म्हणालं, तर कृपा करून जाऊ नका. छातीचा व्यायाम चालू ठेवा. जनुकचाचणीचा कागद मात्र जपून ठेवा, त्यावरचं म्युटेशनचं, म्हणजे जनुकातल्या नेमक्या बिघाडाचं, नाव पुढे प्रत्येक डॉक्टर विचारेल.