जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर झटका देऊन पडतो, मेस्त्री गिअरबॉक्स खोलायला सांगतायत. खोलावा का?

एवढ्यात खोलू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २०१० ची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी). दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसतो, आंबा घाट चढताना आरपीएमचा काटा वर जातो पण गाडी ओढत नाही, आणि रत्नागिरीतल्या मेस्त्रींनी एक फेरी मारून 'बॉक्स गेला' म्हणून सांगितलं. बॉक्स गेलाही असेल. पण एका फेरीत ते कळत नाही.

आधी गिअरबॉक्सचं ऑइल. कोकणात सपाट जागा शोधणं हेच अर्धं काम, मी गाडी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर नेतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करा, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबा, लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवून पी (पार्किंग) मध्ये आणा आणि मग गिअर ऑइल मोजायची पट्टी काढा. होंडा असेल तर मात्र इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं. बाकी कंपन्यांचंही पुस्तकात एकदा वाचून घ्या. काहींना पट्टीच नसते, त्यांची लेव्हल खालून बोल्ट काढून बघतात. पट्टीवरचा थेंब जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर टाका. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट तपकिरी आणि करपल्याचा वास म्हणजे बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घासल्यात. आणि सोलकढीसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलंय: एकतर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटलाय, नाहीतर गाडी कधीतरी पुरात उभी होती. जुनी गाडी घेतली असेल तर २०२१ च्या जुलैत ती चिपळुणात होती का, हे विचारायला लाजू नका. सोलकढी दिसल्यावर गाडी चालवूच नका.

लेव्हल नुसती कमी असेल तरी तुम्ही सांगताय तीच लक्षणं येतात. चढावर ऑइल मागे सरकतं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि क्लच घसरतो. म्हणून सपाटीला गाडी बरी वाटते आणि घाटात रडते.

दुसरं, नुसता झटका आणि घसरणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. काटा चढतो पण वेग वाढत नाही, हे घसरणं; तिथे प्रेशर किंवा क्लच बघायचा. एकाच गिअरला होत असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडबंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), सगळ्या गिअरना होत असेल तर ऑइल, फिल्टर, पंप. थंड असताना ठीक आणि तापल्यावर घसरते, तर आतले सील झिजलेत असं धरायला जागा आहे. पी मधून डी मध्ये टाकताना 'धप्प' होत असेल, तर आधी इंजिनाचं माउंटिंग हलवून बघा. रबर फाटलेलं निघालं तर बॉक्सचा त्यात काही दोष नाही.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. साधा स्कॅनर बहुतेक वेळा पी ०७०० एवढंच दाखवतो. त्याचा अर्थ 'गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची तक्रार आहे', बस्स. कंट्रोलरमध्ये शिरून खरा कोड वाचणारा स्कॅनर हवा. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७५० च्या आसपासचे कोड सोलेनॉइडचे.

आता माझंच सांगतो. मी देवगडचा, माझी २००८ ची चार स्पीड ऑटोमॅटिक. कोल्हापूरला जाताना करूळ घाटात गाडी तिसऱ्यातच अडकली, चढ असो की उतार. बंद करून चालू केली की नीट, खड्डा आला की परत तेच. कंट्रोलरला काही खटकलं की बऱ्याच चार स्पीड गाड्या अशा तिसऱ्यात धरून बसतात. घाटावर एका वर्कशॉपने सोलेनॉइडचा कोड बघून अख्ख्या बॉक्सचं एस्टिमेट हातात दिलं. गाडी तशीच घरी आणली. आमच्या वायरमनने बॅटरीकडून बॉक्सच्या बॉडीवर येणारी अर्थ वायर बोटांनी दाबली, तर ती फुगलेली. कव्हर चिरलं. आत तांबं नव्हतंच, फवारणीच्या मोरचुदासारखी हिरवी-निळी भुकटी. खारी हवा ती! नवी वायर टाकली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासली, वरून ग्रीस लावलं. कोड पुसला, तो पुन्हा आला नाही. तुमचीही सगळी सॉकेटं एकदा उघडून बघा, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर येतात, त्यांनी वायरी कुरतडल्यात का तेही.

एवढं करून घसरणं राहिलं तर गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं चेंबर खोला. आतल्या मॅग्नेटवर करडा, लोण्यासारखा मऊ थर असतोच, घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मेस्त्री बरोबर होते, बॉक्स उतरवा. तुकडे नसतील तर फिल्टर बदला आणि पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल टाका, 'सगळ्याला चालतं' म्हणून दिलेलं लाल ऑइल नको. एकदा काढून निम्मंही निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून मध्ये थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदला. मशीन लावून फ्लश करायला एवढ्या जुन्या बॉक्सला तरी मी देणार नाही.

फडक्यावरच्या थेंबाचा रंग आणि स्कॅनरचा पूर्ण कोड इथे टाका, मग पुढचं बोलू.