भाडं जास्त म्हणजे रेल्वेची सेवाही चांगली, असं असतं का? जपान भारी की युरोप?

तिकिटाचा आकडा रुपयात करून किलोमीटरने भागला की तुलना झाली असं वाटतं, पण त्यातून हाती काही लागत नाही. आणि 'युरोप' असं एकच भाडं नसतंच मुळात.

जपानचं गणित सरळ आहे. अंतराचं भाडं आणि वर जलद गाडीचा जादा आकार, शिंकान्सेनला, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनला, दोन्ही भरायचे. महिनाभर आधी काढा नाहीतर दहा मिनिटं आधी, सवलती सोडल्या तर फारसा फरक नाही. महाग आहेच, पण पैसे कशाचे घेतात ते दिसतं. टोकियोला गाडी लागली की सफाईवाल्यांना साधारण सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात झाडून, पुसून, सगळ्या सीटा उलट्या दिशेला फिरवून ते मोकळे होतात आणि आपण बाहेर रांगेत उभं राहून बघत बसायचं. लोकल लेट झाली तर ऑफिसात दाखवायला स्टेशनवर चक्क उशिराचा दाखला मिळतो!

ब्रिटनमध्ये उलटं. आधी काढलं तर स्वस्त, गर्दीच्या वेळी ऐनवेळी काढलं तर डोळे पांढरे होतात. तिथले लोक एकाच प्रवासाची दोन तिकिटं काढतात, मधल्या स्टेशनपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरं, गाडी त्या स्टेशनवर थांबत असली की झालं, कधीकधी तेच स्वस्त पडतं. हे कसलं गणित देवजाणे.

जर्मनीत २०२३ च्या मे मध्ये ४९ युरोत महिनाभर देशभर फिरायचा पास निघाला, २०२५ मध्ये तो ५८ होता, तरी मला सौदा वाटला. फक्त तो लोकल-रिजनल गाड्यांना चालतो, आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाडीला नाही. आणि लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये जेमतेम ६२-६३ टक्के वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर धरायचा नाही असा हिशोब लावून. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये ही सूट तीनच मिनिटांची! म्हणून दोन देशांचे टक्के शेजारी ठेवताना 'वेळेवर' म्हणजे किती ते आधी बघा.

आपल्याकडे भाडं कमी कारण मालगाड्यांच्या कमाईतून प्रवाशांचा तोटा भरून निघतो. म्हणजे स्वस्त तिकिटाचे उरलेले पैसे कुणीतरी भरतंच, कुठे मालवाला, कुठे करदाता.

माझी एकदा युरोपात गाडी वीसेक मिनिटं लेट झाली, त्यात पुढची गाडी डोळ्यादेखत गेली, पोचलो ५४ मिनिटं उशिरा. युरोपियन युनियनच्या नियमात ६० मिनिटांपासून २५ टक्के परत, १२० पासून ५० टक्के. मला शून्य.

तेव्हा तारीख पक्की असेल तर युरोपात आधी बुक करा आणि गाडी बदलायला निदान अर्धा तास ठेवा. ऐनवेळी ठरवणारे असाल तर जपानच स्वस्त पडू शकतं.