हाताच्या हालचालीवर चालणारं पेडल : तुमचे प्रश्न

गेल्या अंकात वाह पेडलविषयी, म्हणजे गिटारचा आवाज ‘वा-वा’ असा उघडत-मिटत नेणाऱ्या फिल्टरविषयी, लिहिताना मी शेवटी बोटात घालायच्या अंगठीचा उल्लेख केला होता. अंगठीत हालचाल ओळखणारा सेन्सर, जमिनीवर त्याचा रिसीव्हर, आणि पायाऐवजी हात कलवून वाह उघडायचा-मिटायचा. त्यावर बरीच पत्रं आली. डिचोलीपासून काणकोणपर्यंत इतकी मंडळी गिटार घेऊन बसली आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. फोंड्याच्या दुकानात वाद्य दुरुस्तीला आलं की तोंडी जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

प्रश्न : मी कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. सोर्स ऑडिओ कंपनीची हॉट हँड अंगठी जुन्यात मिळाली. उजव्या हाताच्या बोटात घालून फिल्टर पेडलला जोडली. स्ट्रमिंग सुरू केलं की वाह नुसता थरथरतो. उलट मुद्दाम हात फिरवला तर कधी कधी काहीच होत नाही. अंगठी बिघडलेली आहे का? (डिचोली)

उत्तर : अंगठी धड आहे. तू लिहिलेल्या दोन्ही गोष्टी चांगल्या सेन्सरकडूनही होतात. नेमकी कुठली हालचाल धरायची, हे त्याला अजून ठरवून दिलेलं नाही, एवढंच.

अंगठीत अ‍ॅक्सिलरोमीटर असतो. हात स्थिर असतानाही तो गुरुत्वाकर्षण मोजत असतो, म्हणून हात कलला की त्याला कळतं. हात झटकला तर झटकाही कळतो. पण कल कुठला आणि झटका कुठला, हे त्याला एकट्याने वेगळं करता येत नाही. आता हिशेब कर. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं आहे आणि तू एका ठोक्यात चार फटके मारतो आहेस. म्हणजे सेकंदाला ८ फटके, वर-खाली मिळून हाताच्या ४ फेऱ्या. वाहसाठी तुला हवा असलेला कल सेकंदाला एखादी फेरी करतो, बऱ्याचदा त्याहूनही सावकाश. दोन्हींचा वेग वेगळा आहे, म्हणूनच वेगवान हालचाल गाळता येते. ते काम स्मूदिंगचं, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलमधले झटके मऊ करणाऱ्या सेटिंगचं. स्मूदिंग पूर्ण वर ने, नेहमीचं स्ट्रमिंग कर, फिल्टर शांत झाला की हळूहळू कमी करत ये. थरथर पुन्हा जाणवायला लागेल, तिथून थोडं मागे जाऊन थांब. स्मूदिंग जितकं जास्त, तितका वाह हाताच्या मागे रेंगाळतो, म्हणून ते उगाच वर ठेवून देऊ नकोस.

हात फिरवूनही काही होत नाही, त्याचं कारण दिशेत आहे. हात जमिनीला समांतर ठेवून होकायंत्राच्या काट्यासारखा डावी-उजवीकडे नेलास, तर सेन्सरच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशा बदलतच नाही. ही हालचाल कळायला गायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, लागतो. नुसत्या अ‍ॅक्सिलरोमीटरला दाखवायची ती मनगटाची पीळ किंवा हाताची उंच-सखल कलती. यातली एकच निवड आणि तिचाच अक्ष लाव.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कल आणि सेन्सरचा आकडा सरळ प्रमाणात चालत नाहीत. आडव्या स्थितीपासून ३० अंश कललं की आकडा थेट निम्म्यावर जातो, आणि ६० ते ९० अंशांत उरलेला जेमतेम १३ टक्के बदलतो. म्हणून सुरुवातीची स्थिती अशी धर की निवडलेला अक्ष जवळजवळ आडवा असेल. तिथे थोडक्या कलात भरपूर फरक पडतो. हात आधीच उभा असेल, तर कितीही धडपडलास तरी वाह जागचा हलणार नाही.

कॅलिब्रेशन खुर्चीत बसून करू नकोस. गिटार गळ्यात घाल, पट्टा कार्यक्रमात असतो तितकाच ठेव, उभा राहा, आणि तारांवर हात जिथे सहज विसावतो तीच मूळ स्थिती मान. मग ध्वनी बंद ठेवून वाजव आणि तुझा हात आपणहून काय करतो ते बघ. फ्रेज संपली की मनगट वळतं का? शेवटचा कॉर्ड सोडताना हात वर जातो का? त्या आपसूक हालचालीवर वाह बांध. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. उपकरणासाठी नवे हातवारे शिकलास तर ताल सुटेल. जे तू करतोसच, त्यालाच आवाज दिलास तर ऐकणाऱ्यालाही ते गाण्यातलंच वाटेल.

स्ट्रमिंग फार जोरकस असेल, तर सेन्सर बोटातून काढून वेल्क्रोच्या पट्टीने हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारच्या खुंट्यांच्या टोकावर, बांधून पाहा. मग गिटारची मान वर-खाली केली की वाह चालतो आणि उजवा हात मोकळा राहतो. पट्टी घट्ट हवी. सैल राहिली तर तिचीच खडखड फिल्टरमध्ये येते.

राहिला आवाज. वाह म्हणजे एक अरुंद पट्टा उचलणारा फिल्टर, साधारण ४०० ते २००० हर्ट्झच्या मध्ये सरकणारा. त्या पट्ट्यात सरकवायला काही असेल तरच तो बोलतो. स्वच्छ आवाजात, टोन बंद ठेवून, गिटारच्या मानेजवळच्या पिकअपवर (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागावर) तो मुका वाटेल. ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत, दाट करणारं पेडल) आधी आणि फिल्टर नंतर लावून बघ. स्वरांश वाढतात, आणि हाताच्या बोटभर कलातही फरक ऐकू येतो.

प्रश्न : मी बास वाजवते. माझ्या अंगठीचा रिसीव्हर एक्स्प्रेशन जॅकमधून (पेडल बाहेरून चालवायची जोडणी) जुन्या डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या, पेडलला जोडला. दिवा हलतो, पण डिलेमध्ये काहीच बदल होत नाही. (मडगाव)

उत्तर : केबल काढून तिचं टोक बघा. त्यावर काळी वळी एकच असेल तर ती गिटारची साधी पॅच केबल आहे. एक्स्प्रेशनला दोन वळ्यांची, म्हणजे स्टिरिओसारखी तीन संपर्कांची केबल लागते : टिप, रिंग, स्लीव्ह. साध्या केबलने रिंग आणि स्लीव्ह एकमेकांना चिकटतात आणि पेडलला काही वाचताच येत नाही.

केबल बरोबर असेल तर उलटसुलट जोडणीची शक्यता बघा. काही कंपन्या बदलता व्होल्टेज टिपवर घेतात, काही रिंगवर. रिसीव्हरवर किंवा पेडलच्या सेटिंगमध्ये हा क्रम बदलायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर टिप-रिंग अदलाबदल केलेली केबल कोणताही नीट सोल्डरिंग करणारा माणूस करून देईल. तिला रंगीत टेप लावा, नाहीतर कार्यक्रमाच्या घाईत ती भलतीकडे जाते.

पेडलला मिडी, म्हणजे वाद्यांमध्ये आकड्यांनी आज्ञा पाठवायची सोय, असेल तर मी तोच मार्ग घेईन. एक्स्प्रेशनसाठी कंट्रोल चेंज (नियंत्रणाची आज्ञा) ११ हा नेहमीचा क्रमांक आहे, आणि तिथे जोडणीच्या ध्रुवांची भानगड नाही. मात्र मिडीत ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात. डिलेच्या मिक्सला त्या भरपूर झाल्या. खूप टोकदार रेझोनन्सच्या फिल्टरवर सावकाश जाताना कानाला त्या पायऱ्या लागू शकतात.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मी गिटारची साथ करतो. पेटी आणि पखवाज आहेतच. या अंगठीने पिच बदलणारं पेडल चालवून गायकाची मींड धरता येईल का? मंडळातले ज्येष्ठ म्हणतात, हा सगळा दिखावा आहे. (म्हार्दोळ)

उत्तर : मींडीसाठी नको, असं मी स्पष्ट सांगेन. समजा हाताच्या ६० अंशांच्या कलावर तुम्ही एका पूर्ण स्वराचा, म्हणजे २०० सेंटचा (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) प्रवास बसवला. मग एका अंशाच्या चुकीला तीन सेंटहून जास्त फरक पडतो. हवेत धरलेला हात चार-पाच अंश सहज हलतो. त्या हिशेबाने कोमल गंधार कुठल्या कुठे जाईल. तार ओढताना बोटाला तारेचा विरोध जाणवतो, कान ऐकतो आणि बोट तिथल्या तिथे सावरतं. हवेत तसा आधार नाही. थेरेमिन वाजवणारे हवेतून सूर काढतात, हे खरं. रशियात १९२० च्या सुमारास तयार झालेल्या त्या वाद्याला हात लावावाच लागत नाही. पण ते कलाकार आयुष्य त्या एका कामाला देतात. तुमची मींड डाव्या हाताच्या बोटांतच राहू द्या, किंवा स्लाइड घ्या.

अंगठीला मी तुमच्याकडे दुसरं काम देईन, ते म्हणजे आवाजाची चढ-उतार. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर काय करतो ते तुम्ही रोज बघता. तेच काम तुमच्या उजव्या हाताच्या कलाने होऊ द्या. कॉर्ड छेडताना आवाज खाली आणि मग हात सावकाश वळवत वर. तारेचा ‘टण’ असा आघात निघून जातो आणि स्वर फुगत येतो. अभंगाच्या धृपदाखाली हे फार गोड लागतं, आणि आवाजाच्या पातळीत थोडं इकडेतिकडे झालं तरी कान ते सांभाळून घेतो. दोन काळज्या घ्या. खालची मर्यादा शून्यावर ठेवू नका, निम्म्याच्या जरा खाली ठेवा, म्हणजे हात चुकीच्या जागी राहिला तरी साथ बंद पडणार नाही. आणि गिटारचा खर्ज कापा, कारण तिथे पखवाजाच्या धुमाची जागा आहे आणि ती त्याचीच राहायला हवी. गजराला लय वाढली की अंगठी सरळ बंद करा. द्रुत लयीत तिचं काही काम नाही.

ज्येष्ठांना आधी डोळे मिटून ऐकायला सांगा. मग जे मत पडेल ते मानावं, असं मला वाटतं. मंडळाचा कान वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेला असतो.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, गिटार शिकते, आणि अशी अंगठी मागते आहे. घेऊन द्यावी का? (फोंडा)

उत्तर : इतक्यात नको. आधी पायाने चालवायचं साधं एक्स्प्रेशन पेडल घ्या. इफेक्ट कधी उघडायचा आणि कधी मिटायचा ही समज पायानेही येते, आणि ते पेडल पुढे कशालाही जोडता येतं.

तिला इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. ईएसपी-३२ हा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि एमपीयू-६०५० हा छोटा सेन्सर घेऊन ती स्वतःच असं उपकरण बनवू शकेल. या सेन्सरमध्ये तीन अक्षांचा अ‍ॅक्सिलरोमीटर आणि तीन अक्षांचा गायरोस्कोप एकत्र असतात. जोडायला मुख्यतः चार तारा पुरतात : वीज, ग्राउंड, डेटा आणि क्लॉक. वीज ३.३ व्होल्टची द्यावी. बोर्डातून ब्लूटूथ मिडी पाठवून संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा गिटार अ‍ॅप चालवता येतो. पहिल्या प्रश्नातली थरथर इथे फार सुंदर रीतीने सुटते. झटपट बदल गायरोस्कोपकडून घ्यायचा, सावकाश बदल अ‍ॅक्सिलरोमीटरकडून, आणि दोन्ही मिसळायचे. सुरुवातीला ९८ टक्के पहिल्याचं आणि २ टक्के दुसऱ्याचं हे प्रमाण नेहमी वापरतात. अ‍ॅक्सिलरोमीटरची थरथर आणि गायरोस्कोपचं हळूहळू भरकटणं, दोन्ही आवरतात. फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणारी मुलं अशी सर्किटं घेऊन माझ्याकडे येतात. स्वतः जोडलेल्या वाद्यावर पहिला आवाज निघाला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मुलीला खुशाल घेऊन या, सोल्डरिंग मी शिकवेन.

प्रश्न : चवथीच्या कार्यक्रमात घरी नीट चालणाऱ्या अंगठीचा सिग्नल मंचावर मध्येच तुटतो. शिवाय पावसात ती टिकेल का, याची धास्ती वाटते. (पेडणे)

उत्तर : तुटण्याचं कारण बहुतेक जागेत असेल. बिनतारी उपकरणं बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तोच पट्टा वायफाय आणि ब्लूटूथही वापरतात, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. त्यात माणसाचं शरीर ही लहर शोषतं. रिसीव्हर पायाशी, स्पीकरच्या मागे ठेवू नका. तो माइकच्या स्टँडवर कमरेच्या उंचीला बांधा, तुमचा हात त्याला सरळ दिसेल असा. मंडपातला राउटर लांब न्या. सिग्नल तुटला तर इफेक्ट कुठे अडकतो, हे घरीच अंगठी बंद करून बघा. तो अगदी मिटलेल्या टोकाला अडकत असेल तर खालची मर्यादा वर घ्या.

वीजही तपासा. बरीच पेडलं ९ व्होल्टवर, मधली पिन ऋण अशी चालतात, पण प्रत्येकाच्या पाठीवरचा छाप वाचल्याशिवाय अडॅप्टर लावू नका. डिजिटल पेडल साध्या ओव्हरड्राइव्हबरोबर एकाच साखळी-वायरवर लावलं तर बारीक शिट्टी येते, म्हणून वेगवेगळी आउटपुट असलेला सप्लाय घ्या. गुणगुण जावी म्हणून कोणी अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन काढायला सुचवलं तर ऐकू नका. ओल्या मंडपात, हातात लोखंडी तारा आणि ओठाशी माइक असताना ती पिन जीव वाचवते.

पावसाचं म्हणाल तर घाम आणि खारी हवा पाण्याइतकीच वाईट. वाजवून झालं की अंगठी कोरड्या कापडाने पुसा, ओलसर असताना चार्जिंगला लावू नका, आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या ओल शोषून घेतात, म्हणून त्या अधूनमधून बदलायच्या. जॅकवर हिरवट थर दिसला तर काँटॅक्ट क्लीनर मारा, सँडपेपर नको. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका, निम्मी ठेवा. आणि या वर्षी पहिल्या आरतीच्या दिवशी थांबू नका. मंडप उभा राहिला की एका संध्याकाळी दिवे आणि स्पीकर सगळे चालू करून तासभर वाजवून बघा.